वाफ्यात उगवलेल्या छत्र्यांचे काय करावे?

कोल्हापुरात आषाढाची झड लागली की परसबागेतील वाफ्यात एका रात्रीत छत्र्या, म्हणजे अळंबी, उभ्या राहतात आणि घरात बुरशीनाशकाची शोधाशोध सुरू होते. ती फवारणी बहुधा वाया जाते, कारण वर दिसणारी छत्री ही बुरशीचे केवळ फळ असते. तिचे खरे शरीर म्हणजे मातीत पसरलेले पांढऱ्या तंतूंचे जाळे, आणि ते तेथील लाकूड, पाचट किंवा अर्धवट कुजलेले शेणखत यांवर जगते. जिवंत रोपांना त्याचा सहसा उपद्रव होत नाही.

लहान मुले किंवा कुत्री वाफ्यात फिरत असतील, तर मात्र छत्र्या काढून टाकाव्यात. हातमोजे घालून, टोपी उमलण्याआधीच त्या बुडापासून उपटाव्यात व पिशवीत बांधून कचऱ्यात द्याव्यात. मातीतील अन्न संपेपर्यंत त्या पुन्हा येतील, हे गृहीत धरावे.

संख्या कमी करायची असेल, तर अन्न आणि ओल या दोहोंवर उपाय करावा लागतो. वाफा खुरप्याने उकरून जुन्या खोडांचे व मुळांचे तुकडे वेचावेत. आपल्याकडे उसाचे पाचट मुबलक असल्याने त्याचे जाड आच्छादन घालण्याचा मोह होतो. पावसाळ्यात त्याचा थर पातळ ठेवावा आणि अधूनमधून हलवावा. लाकडाचा ताजा भुसा मातीत मिसळूच नये, कारण तो कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो आणि रोपे पिवळी पडतात. आधीच मिसळला असल्यास शेणाची स्लरी द्यावी. काळ्या जमिनीत पाणी तुंबते, म्हणून वाफा उंच करून कडेने चर काढावा.

नारळाच्या बुंध्यालगत कठीण, तपकिरी, चकचकीत कानासारखी बुरशी दिसली, तर गोष्ट वेगळी आहे. ती गॅनोडर्मा असू शकते आणि ती जिवंत झाडच पोखरते, तेव्हा कृषी अधिकाऱ्यांना दाखवावे.

वाफ्यातील छत्री ओळखीची वाटली तरी खाऊ नये. शिजवताना सोबत टाकलेला चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडतो का, ही परीक्षा निरुपयोगी आहे, आणि शिजवल्याने सर्व विषे नष्ट होत नाहीत. काही जातींची लक्षणे सहा तासांहून उशिरा दिसतात, तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते. म्हणून कोणी खाल्लीच, तर उलटीची वाट न पाहता उरलेली छत्री कागदात गुंडाळून रुग्णासोबत थेट सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या कोल्हापुरातील सरकारी रुग्णालयात न्यावी.