ट्रान्सप्लांट संशोधकाची पेपरयादी कशी वाचावी

शिवाजी विद्यापीठातली एम.एस्सी.ची मुलं भेटली की हमखास विचारतात, “ताई, या सरांचे दीडशे पेपर आहेत. पीएच.डी.साठी यांनाच मेल करू का?” मी कोल्हापुरातच शिकले. पुढे मुंबईत काही वर्षं बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या, म्हणजे दात्याची अस्थिमज्जा दिलेल्या, पेशंटांचा डेटा सांभाळला. त्या अनुभवावरून सांगते, आधी आकडा बाजूला ठेवा आणि यादी सर्वांत जुन्या पेपरपासून वाचत या. माणूस कुठल्या प्रश्नाचा किती वर्षं पिच्छा पुरवतोय, हे तसं वाचल्यावरच कळतं.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटचे प्रणेते, अमेरिकन डॉक्टर ई. डोनल थॉमस यांचे पेपर या क्रमाने वाचून बघा. १९५७ साली त्यांनी पेशंटला शिरेतून बोन मॅरो देण्याचे पहिले प्रयत्न छापले. त्यातला एकही पेशंट फार काळ जगला नाही. मग बरीच वर्षं कुत्र्यांवरचे प्रयोग. १९७७ मध्ये ‘ब्लड’ या जर्नलमध्ये शंभर पेशंटांचा पेपर आला. सगळे अक्यूट ल्युकेमियाचे, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरचे, औषधांना दाद न देणाऱ्या शेवटच्या टप्प्यातले. पेपर लिहिला तेव्हा त्यातले १३ जण जिवंत आणि आजारमुक्त होते, काही जण तर चार वर्षांहून जास्त काळ. ज्यांच्यापुढे दुसरा उपायच उरला नव्हता अशांतले हे तेरा आहेत, हे लक्षात घेऊन तो आकडा वाचा. साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला: इतक्या उशिरा ट्रान्सप्लांट करून तेरा जण वाचतात, तर आजार पहिल्यांदा आटोक्यात आल्या आल्या केलं तर? १९७९ चा पेपर नेमका त्यावर आहे. नोबेल मिळालं १९९० मध्ये. हे पेपर ओळीने वाचताना मला आजही भरून येतं.

आता तुमच्या सरांकडे वळा. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत नाव टाकलं की त्याच आद्याक्षरांचे पाच-सहा पाटील, कुलकर्णी एकत्र येतात, म्हणून सोळा अंकी ऑर्किड क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, शोधा. मग प्रत्येक नोंद कसली आहे ते पाहा. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या वार्षिक परिषदेतले सारांश ‘ब्लड’च्या पुरवणीत छापले जातात, त्यामुळे यादीत ‘ब्लड’ दिसलं म्हणजे पूर्ण पेपरच असेल असं नाही. त्या सारांशाचा पुढे पूर्ण पेपर झाला का, हे जरूर तपासा. लेखकांच्या क्रमात पहिलं नाव बहुतेक वेळा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं असतं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं. सरांचं नाव शेवटी असलेल्या पेपरांमध्ये पहिली नावं विद्यार्थ्यांची आहेत का? माझ्या मते गाइड निवडताना यापेक्षा मोठी खूण नाही.

या क्षेत्रात पेपर कमी दिसले म्हणून लगेच नाव खोडू नका. ट्रान्सप्लांटनंतर शंभराव्या दिवसाची तपासणी, दात्याच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर केलेला हल्ला म्हणजे जीव्हीएचडी, मग आजार उलटतोय का याची वाट पाहणं, हे सगळं वर्षानुवर्षं चालतं. पाच वर्षांचा निकाल सांगायला निदान पाच वर्षं थांबावंच लागतं. मात्र दरवर्षी नवा विषय आणि एकाचाही पाठपुरावा नाही, अशी यादी दिसली तर मी पुढे जाते.

कोल्हापुरात राहून सुरुवात होते का? होते. आपल्या भागातले कितीतरी ब्लड कॅन्सरचे पेशंट महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जातात, पण त्यांच्या आजाराची पहिली शंका अनेकदा इथेच, साध्या रक्ततपासणीतून येते. पहिल्या तक्रारीपासून निदानापर्यंत किती दिवस गेले, पेशंट फॉलो-अपला परत आला का, भावंडांची एचएलए तपासणी (दात्याच्या आणि पेशंटच्या पेशी जुळतात का ते पाहणारी) झाली का, या प्रश्नांची उत्तरं इथल्या नोंदींमधूनच मिळतील. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्केच असते, त्यामुळे तिसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. एखाद्या डॉक्टरांना सोबत घ्या आणि केसपेपरला हात लावण्याआधी एथिक्स कमिटीची लेखी परवानगी काढा. नंतर काढू म्हणून चालत नाही. एकाच पेशंटची केस लिहायची असेल तर केस रिपोर्ट कसा लिहावा हे सांगणारी ‘केअर’ (CARE) मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवा आणि पेशंटची संमती घ्या. जर्नलं वाचायला आता पैसे अडवत नाहीत. २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून सरकारी विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना ती खुली झाली आहेत. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात चौकशी करा. पैसे भरा, आठवड्यात छापतो, असे मेल आले तर सरळ पुसून टाका.

एवढं झालं की मग सरांना मेल लिहा. त्यांच्या एका पेपरमधला एक तक्ता घ्या, त्यावर तुम्हाला पडलेला एक खरा प्रश्न विचारा आणि आपल्याकडच्या नोंदींमध्ये काय दिसलं ते दोन ओळींत सांगा. बायोडेटा सोबत जोडा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर त्याच मेलखाली एकदा आठवण करून द्या. वॉर्डात पेशंट असताना मेल मागे पडतात.