चाकाच्या बोल्टला "सगळ्यात कडक" नको

वाळूज एमआयडीसीत हार्डवेअरच्या दुकानी बोल्ट मागितला की दुकानदार कौतुकानं १२.९ चा काळा ॲलन बोल्ट पुढं करतो. "साहेब, याच्यापुढं काहीच नाही." साच्याला, डायला तो झकास. हलक्या विमानाच्या लँडिंग गिअरला, म्हणजे चाकांच्या सांगाड्याला, मात्र घेऊ नका.

डोक्यावरचा आकडा असा वाचायचा: ८.८ म्हणजे तुटायला साधारण ८०० मेगापास्कल (ताण मोजायचं माप), आणि त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, तो कायमचा ताणला जातो. १२.९ ला हेच १२०० आणि १०८०. विमानाचा एएन बोल्ट (आर्मी-नेव्ही या अमेरिकी मानकाचा) ताणात सुमारे ८६० चा, म्हणजे ८.८ च्या थोडाच वर. त्याचा फायदा आहे. आदळून उतरलात तर असा बोल्ट आधी वाकतो, तपासणीत दिसतो. फार कडक पोलाद कमी वाकतं आणि एकदम तुटतं. त्यावर जस्ताचा मुलामा चढवला तर हायड्रोजन शिरून ते आणखी ठिसूळ होण्याची भीती.

आकड्याइतकंच बिनआट्याच्या दांड्याच्या लांबीकडं बघा. गिअरचा बोल्ट बहुधा आडव्या कातरीत, म्हणजे दांडा आडवा कापू बघणाऱ्या जोराखाली, काम करतो. दोन पत्रे जिथं एकमेकांवर सरकू बघतात, तिथं गुळगुळीत दांडा हवा, आटे नकोत. आट्यांपाशी बोल्ट बारीक असतो, तडाही तिथूनच जातो. अख्खा आट्यांचा बोल्ट तर ट्रॉलीलासुद्धा लावू नये, असं माझं मत.

नोंदणीकृत विमान असेल तर निवड तुमची नाहीच; मॅन्युअलमधला पार्ट नंबर, कागदपत्रांसकट. वाकलेला बोल्ट ठोकून सरळ करून परत बसवायचा नाही.