सिनेगॉगचा पैसा सांभाळताना या चुका टाळा

आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू समाजाच्या सिनेगॉगचा (प्रार्थनामंदिराचा) मी बरीच वर्षं गबाई आहे, म्हणजे खजिनदार. कमिटीत नवी येणारी मुलं चोर नसतात, घाईची असतात. समाजाच्या पैशात घाई मला खपत नाही.

सगळ्यात वाईट चूक मी स्वतः केली आहे: दानपेटीतून सुटे घेणं. एका शुक्रवारी दुपारी सेदाकाची, म्हणजे दानाची पेटी मोजून झाली. रिक्षाला सुटे हवे होते, खिशात पाचशेची एकच नोट. ती पेटीत टाकली, शंभराच्या पाच उचलल्या. हिशोब रुपयाला रुपया जुळत होता. पण दारातून दिसलं ते एवढंच, की गबाईने पेटीत हात घातला आणि नोटा खिशात गेल्या. दर शुक्रवारी वीस रुपये टाकणाऱ्या एक मावशी पेटीकडे फिरकेनाशा झाल्या. तीन महिन्यांनी मी विचारलं, तर म्हणाल्या, "तू घेतलेस असं मी म्हणत नाही रे बाबा. पण मी पाहिलं ना."

तालमूद या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, बाबा बात्रा या भागात, याचा नियमच आहे. दानाची नाणी मोडून द्यायची ती दुसऱ्याला, वसुली करणाऱ्याने स्वतः घ्यायची नाहीत. उरलेलं अन्न विकायचं तेही दुसऱ्यालाच. बाजारात कोणी आपले उसने पैसे परत केले तरी आधी दानाच्या थैलीत टाकायचे, घरी जाऊन काढून घ्यायचे. आधार पवित्र शास्त्रातल्या 'गणना' या पुस्तकातल्या ३२:२२ चा: परमेश्वरापुढे निर्दोष आणि इस्राएलापुढेही. तेव्हापासून मोजणीला मी बिनखिशाचा सदरा घालतो. पाकीट बाहेर.

दुसरी चूक: "विश्वासातला माणूस आहे, हिशोब कशाला?" असं म्हणणारे शास्त्रातल्या '२ राजे' या पुस्तकाचा १२वा अध्याय दाखवतात. योवाश राजाच्या काळात यरुशलेमच्या मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा ज्यांच्या हाती दिला त्यांच्याकडून हिशोब घेत नसत, कारण ती माणसं सचोटीची होती. खरं आहे. पण जरा वरच्या ओळी वाचा ना! पेटीतला पैसा राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, दोघं मिळून मोजत. १६व्या शतकात क्राकोच्या रब्बी मोशे इसेर्लिस यांनीही लिहून ठेवलं, की तरीसुद्धा हिशोब दिलेला बरा. निवासमंडपाच्या, म्हणजे वाळवंटातल्या तंबूच्या मंदिराच्या सोन्याचांदीचा हिशोब तर मोशे संदेष्ट्यानेच दिला, 'निर्गम' पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात. मिद्राश, म्हणजे शास्त्रावरच्या जुन्या कथा-टीका, सांगतो, त्यातले चांदीचे १७७५ शेकेल (जुनं वजन) कुठे गेले ते त्याला आठवेना. ती चांदी ज्यांत गेली होती त्या खांबांच्या हुकांवर नजर गेली तेव्हा जीव भांड्यात पडला. मोशेची ही गत, आणि आपली मुलं म्हणतात "लक्षात आहे, उद्या लिहितो."

एकट्याने वर्गणीला जाऊ नका. मिश्नात, म्हणजे तालमूदच्या मूळ नियमसंग्रहात, गोळा करायला दोघं आणि वाटायला तिघं सांगितलेत.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, लिहिणं वर्ज्य; म्हणून तेव्हा दानाच्या बोललेल्या रकमा लगेच लिहिता येत नाहीत. त्या शनिवारी रात्रीच, दोघांनी बसून वहीत घ्या. सोमवारपर्यंत पाचशेचे पाच हजार होतात.

दफनभूमीसाठी दिलेला पैसा रंगकामाला "तात्पुरता" वळवू नका.

आणि धर्मादाय आयुक्तांसाठी ऑडिट होतंच, असं म्हणून सुटू नका. ते वर्षातून एकदा. आमच्याकडे पेटीचा आकडा त्याच दिवशी नोटीस बोर्डावर लागतो, खाली दोन सह्या.