पोर्शे ९११ मध्ये स्थिरता नियंत्रणाचा दिवा कसा वाचावा आणि ते कधी बंद करावे

पोर्शे ९११ च्या अलीकडच्या पिढ्यांत चालकाच्या हाताशी एक छोटे बटण असते. त्यावर मोटारीचे चित्र आणि तिच्यामागे नागमोडी उमटलेल्या चाकोऱ्या दिसतात. हे बटण दाबून इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण, म्हणजे पोर्शेच्या भाषेत पीएसएम, बंद केले की खरे कौशल्य सुरू होते, असा समज वेगवान मोटारींच्या शौकिनांत बराच रूढ आहे. या लेखाचे म्हणणे त्याच्या उलट आहे. कौशल्य शिकायचे असेल, तर नियंत्रण चालू ठेवावे आणि त्याचा दिवा कधी व कशामुळे लुकलुकतो याची नोंद ठेवावी. तो दिवा गप्प राहू लागला, की मगच बटणाकडे हात न्यावा.

त्यासाठी ही यंत्रणा काय करते ते नीट समजून घेतले पाहिजे. स्टिअरिंग किती वळवले आहे, प्रत्येक चाक किती वेगाने फिरते आहे, मोटार स्वतःभोवती किती वेगाने वळते आहे आणि बाजूला किती जोर बसतो आहे, हे वेगवेगळे संवेदक सतत मोजत असतात. चालकाला कुठे जायचे आहे, हे यंत्रणा स्टिअरिंगच्या कोनावरून ओळखते आणि मोटार प्रत्यक्षात कुठे चालली आहे त्याच्याशी ताडून पाहते. बॉशच्या माहितीनुसार ही तुलना सेकंदाला २५ वेळा होते. दोन्हींत फरक पडला, की ती इंजिनाचा जोर कमी करते आणि एखाद्याच चाकाला ब्रेक लावते; त्याच वेळी चालकासमोरचा तिचा दिवा लुकलुकतो. मागचा भाग बाहेर निसटू लागला, तर बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक धरले जाते. मोटार न वळता सरळच जाऊ लागली, तर आतल्या बाजूचे मागचे चाक. चालकापाशी ब्रेकचे पेडल एकच असते, त्यामुळे कितीही निष्णात चालकाला ही गोष्ट साधणारी नाही. शिवाय ताशी १०० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला जवळपास २८ मीटर अंतर कापते. माणसाने अर्ध्या सेकंदात प्रतिसाद दिला, तरी तोवर ती १४ मीटर पुढे गेलेली असते, तर यंत्रणेच्या दोन मोजण्यांमधले अंतर जेमतेम १.१ मीटर भरते.

मात्र जी पकड टायर आणि रस्ता यांच्यात नाहीच, ती कोणतीही यंत्रणा निर्माण करू शकत नाही. ५० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ६० किलोमीटरने घेताना टायरांना बाजूची जी पकड लागते, ती गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.५७ पट असते. तेच वळण ८० ने घेतल्यास ती पूर्ण एक पट होते. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण पकडीची गरज पावणेदोन पट झाली. कोरड्या डांबरावर चांगले टायर ही मागणी कशीबशी पुरवतात. ओल्या रस्त्यावर ६० लाच मर्यादा जवळ आलेली असते. वळणात शिरण्याचा वेग चुकला, तर पीएसएम फार तर मोटार सरळ तोंडाने रस्त्याबाहेर जाईल एवढे पाहील. तो वेग ठरवणे हे चालकाचेच काम राहते.

बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ही यंत्रणा १९९५ साली एस-क्लासच्या कूपे, म्हणजे दोन दारी मोटारीत प्रथम बाजारात आणली. तिचा प्रसार मात्र एका फजितीमुळे झाला. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील एका वाहनविषयक नियतकालिकाच्या चाचणीत, अचानक आडवा आलेला प्राणी चुकवण्याच्या प्रयोगात, मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली आणि त्यानंतर कंपनीला त्या मोटारीत ही यंत्रणा सरसकट बसवावी लागली. पोर्शे ९११ मध्ये पीएसएम १९९८ साली ९९६ (हा कंपनीचा अंतर्गत क्रमांक) पिढीच्या कॅरेरा ४ बरोबर आले. त्याआधीच्या ९११ कशा होत्या हे जाणून घेण्यासारखे आहे. इंजिन मागच्या धुरीच्याही मागे असल्यामुळे सुमारे ६० टक्के वजन मागे असते, आणि १९७५ च्या पहिल्या ९११ टर्बोत टर्बोचा जोर वळणाच्या मध्यावर उशिरा आणि एकदम येई. चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, की वजन पुढे सरके, मागची चाके हलकी होत आणि तो जड मागचा भाग लंबकासारखा बाहेर झेपावे. शौकिनांनी त्या मोटारीला ‘विडोमेकर’, म्हणजे बायकांना विधवा करणारी, हे नाव उगीच दिले नव्हते.

आता प्रत्यक्ष सरावाकडे वळू. सुरुवात मोटारीबाहेर, टायरांपासून करावी. टायरच्या बाजूवर चार आकडी सांकेतिक संख्या असते. २३१९ असे लिहिले असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी शाबूत दिसली, तरी जुने रबर कडक होऊन पकड सोडते. पोर्शेच्याच कॅरेरा जीटीमध्ये ६१२ अश्वशक्ती होती आणि स्थिरता नियंत्रण नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात अशा मोटारीच्या अपघातात अभिनेते पॉल वॉकर यांचा मृत्यू झाला, तेव्हा तपासात अतिवेगाबरोबरच नऊ वर्षे जुन्या टायरांचा उल्लेख आला. ट्रॅकसाठी बनवलेले टायर नवे असले, तरी थंडीत आणि पावसात ते साध्या टायरांपेक्षाही लवकर दगा देऊ शकतात, हेही ध्यानात असू द्यावे.

नंतर बसण्याची जागा लावावी. पाठ आसनाला पूर्ण टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे, आणि ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. मोटार काय करते आहे याची पहिली खबर डोळ्यांच्या आधी पाठीला आणि कमरेला लागते, म्हणून हा तपशील क्षुल्लक समजू नये.

सरावाची जागा सार्वजनिक रस्ता असू शकत नाही. जर्मनीतील नुर्बुर्गरिंग या शर्यतींच्या संकुलातला २०.८ किलोमीटरचा नॉर्डश्लायफे हा मार्गही नाही, जरी स्टुटगार्टकडे नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी अभियंत्यांना तो पहिल्याच सुटीत खुणावत असला तरी. पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या फेऱ्यांत तो मार्ग कायद्याने टोल भरून जाण्याचा एकेरी रस्ताच असतो आणि तिथे वाहतुकीचे नियम लागू असतात. मोडलेल्या कठड्याचा खर्च चालकाकडून वसूल होतो, आणि अनेक विमा करारांत अशा ठिकाणचे नुकसान वगळलेले असते. त्याऐवजी सुरक्षित वाहनचालनाचे प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रात एक दिवस नोंदवावा. तिथे पाण्याने भिजवलेली वर्तुळे असतात आणि काही ठिकाणी मागची चाके झटक्याने बाजूला सरकवणारी प्लेटही असते.

ओल्या वर्तुळावर पीएसएम पूर्ण चालू ठेवून वेग अगदी हळूहळू वाढवत न्यावा. २० मीटर त्रिज्येच्या ओल्या डांबरी वर्तुळावर ताशी ४० च्या आसपासच मर्यादा येते. म्हणजे रस्त्यावर शंभरच्या पुढे जे घडते, ते इथे सायकलच्या दुप्पट-तिप्पट वेगात अनुभवता येते. प्रथम स्टिअरिंग हलके पडल्यासारखे वाटेल आणि मोटार वर्तुळाबाहेर ओढ घेईल. अशा वेळी स्टिअरिंग आणखी वळवण्याचा मोह होतो, पण त्याने काहीच मिळत नाही; ॲक्सिलरेटर किंचित कमी करून पुढच्या टायरांना पुन्हा पकड येण्याची वाट पाहावी. हे जमल्यावर त्याच वर्तुळावर एकदा ॲक्सिलरेटर मुद्दाम झटक्यात सोडून पाहावा. मागचा भाग हलेल, दिवा लुकलुकेल आणि एखादे चाक ब्रेकने धरल्याची घरघर ऐकू येईल. हा क्षण पाच-सहा वेळा अनुभवावा. शरीराला झालेली जाणीव आणि दिवा यांतला कालावधी हेच चालकाच्या प्रगतीचे माप: सुरुवातीला दिवा आधी लागतो आणि जाणीव मागून होते, सरावाने जाणीव आधी होऊ लागते.

दुसरा प्रयोग ए-क्लासची फजिती झालेल्या चाचणीशी मिळताजुळता आहे. ताशी ६० च्या वेगात ब्रेक पूर्ण दाबून, तो न सोडता, समोरच्या शंकूंना वळसा घालावा. यंत्रणा चालकाचा हेतू स्टिअरिंगवरून वाचत असल्यामुळे इथे नजर शंकूवर न ठेवता मोकळ्या वाटेवर ठेवावी आणि स्टिअरिंग त्याच दिशेला न्यावे. स्टिअरिंग घाईघाईने इकडून तिकडे फिरवत राहिल्यास यंत्रणेला दर क्षणी नवा हेतू सांगितल्यासारखे होते.

यानंतर ट्रॅकवर जावे, तेही पीएसएम पूर्ण चालू ठेवूनच. प्रत्येक फेरीनंतर कोणत्या वळणाच्या कोणत्या भागात दिवा लुकलुकला ते आठवून लिहावे. शेजारी प्रशिक्षक असल्यास त्यालाच नोंद करायला सांगावे. वळणात शिरतानाच दिवा लागला, तर बहुधा ब्रेक मारता मारता स्टिअरिंग झटक्याने वळवलेले असते. मध्यावर लागला, तर शिरण्याचा वेग जास्त होता किंवा घाबरून ॲक्सिलरेटर सोडला गेला. बाहेर पडताना लागला, तर स्टिअरिंग सरळ होण्याआधीच जोर दिलेला असतो, आणि नवख्यांत हीच चूक सर्वांत जास्त आढळते. यंत्रणेच्या आधाराने ही चूक दिवसभर केली, तरी मोटार निमूट सरळ होत राहते आणि चालकाला आपण वेगवान असल्याचा भ्रम होतो. मात्र तिकडे मागचे ब्रेक तापत असतात. वेग न घटवता दिवा लागण्याच्या जागा कमी होणे, एवढेच या टप्प्याचे उद्दिष्ट ठेवावे.

पूर्ण फेरी दिव्याविना जाऊ लागली, तर पुढची पायरी घ्यावी. २०१५ च्या सुधारित ९९१ पिढीपासून ९११ मध्ये ‘पीएसएम स्पोर्ट’ हा मधला पर्याय मिळतो. त्यात यंत्रणा उशिरा हस्तक्षेप करते, पण जागी असते. फेरारीचे स्टिअरिंगवरील ‘मानेत्तिनो’ हे फिरते बटण किंवा बीएमडब्ल्यूच्या एम मोटारींतील ‘एम डायनॅमिक मोड’ यांतही अशाच मधल्या पायऱ्या आहेत. बहुतेक चालकांनी इथेच थांबण्यात काही कमीपणा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्ण बंद करायचेच असेल, तर पुन्हा ओल्या वर्तुळावर परतावे. थेट ट्रॅकवर हा प्रयोग करू नये. मागचा भाग सुटल्यावर उलट दिशेला स्टिअरिंग देणे बहुतेकांना सुचते, पण ते वेळेवर परत सरळ करणे सुचत नाही. मागच्या टायरांना पकड परत मिळते, तेव्हा पुढची चाके अजून उलटीच असतात, आणि मोटार दुसऱ्या बाजूला पहिल्यापेक्षा जोराने फेकली जाते. म्हणून सरावात उलट स्टिअरिंग देण्यापेक्षा ते परत घेण्यावर भर द्यावा आणि ॲक्सिलरेटर एकदम न सोडता स्थिर धरावा.

दिवस संपल्यावर घरी निघण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. ट्रॅकवर तापलेल्या टायरांतली हवा कमी केलेली असते. थंड झाल्यावर ती फारच कमी भरते, म्हणून नेमून दिलेल्या दाबाइतकी पुन्हा भरावी. आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू करावे, म्हणजे पीएसएम आपोआप चालू होते. स्थिर जळणारा ‘बंद’चा दिवा विझला आहे याची खात्री करूनच फाटकाबाहेर पडावे.