फोनवर वाचून डोळे चुरचुरत असतील तर

मुद्रितशोधन मी हल्ली फोनवरच करते, म्हणून आधी अक्षर मोठं करून घेते. बारीक अक्षरापायी फोन नकळत नाकाशी येतो. तो हातभर, निदान 40 सेंटिमीटर लांब हवा. जवळचं पाहताना डोळ्यातला सिलिअरी स्नायू (नजर जवळ-लांब जुळवणारा) सतत आवळलेला राहतो. तो सैल पडावा म्हणून दर 20 मिनिटांनी 20 फूट लांबचं काहीतरी 20 सेकंद पाहायचं. (शेजारच्याचा फोन यात धरत नाहीत!) पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, अधूनमधून मुद्दाम पूर्ण मिटा. ब्राइटनेस खोलीतल्या उजेडाच्या बेताचा. काही ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारे) पडदे मंद केल्यावर वेगाने लुकलुकतात. त्याने डोकं दुखत असेल तर ब्राइटनेस वाढवा आणि दिवा लावा. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर मी तरी पैसे घालणार नाही. तरीही धूसर दिसलं, तर नंबर तपासून घ्या.