डोक्याला मार लागल्यावर भरपाईचा दावा : या चुका टाळा

डोक्याला मार लागलाय, पण माणूस चालताबोलता आहे. भरपाईच्या दाव्यात याहून अवघड स्थिती नाही. हाड मोडलं असतं तर एक्स-रे पुढे करता आला असता. इथे दावेदार नीटनेटका कोर्टात येतो, नाव-पत्ता बिनचूक सांगतो, आणि समोरचा वकील विचारतो, ‘यांना नेमकं झालंय काय?’ त्याचं उत्तर कागदावर नसेल तर दावा तिथेच ढिला पडतो. बहुतेक चुका या कागदांच्याच असतात, आणि कोर्टाचा विचारही मनात नसतो अशा पहिल्या काही महिन्यांत त्या होऊन जातात.

‘मी बरा आहे’ यावर विसंबणं

ओपीडीत डॉक्टर विचारतात, ‘काय, कसं वाटतंय?’ पेशंट म्हणतो, ‘बरं आहे.’ केस पेपरवर ओळ पडते : विशेष तक्रार नाही. पुढे उलटतपासणीत हीच ओळ मोठ्याने वाचून दाखवली जाते. पेशंट खोटं बोललेला नसतो. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की स्वतःमधला बदल स्वतःलाच जाणवेनासा होऊ शकतो. त्यामुळे तपासणीच्या वेळी घरचं कुणीतरी आत गेलंच पाहिजे. बाहेर बाकावर बसून राहिलं तर त्यांना जे दिसतंय ते कागदावर कधीच येत नाही.

जाताना लिहून न्यावं, पण ‘विसरतो’, ‘चिडतो’ एवढंच लिहून भागत नाही. ‘मंगळवारी गॅस पेटता ठेवून बाहेर पडला, शेजाऱ्यांनी सांगितलं तेव्हा कळलं.’ ‘वीस मिनिटं फोनवर बोलला आणि दुपारभर झोपून राहिला.’ ‘नेहमीच्या वळणावर रस्ता चुकला, तिथूनच फोन केला.’ अशा तारीखवार नोंदींना वजन असतं. मात्र त्या ज्या त्या दिवशीच कराव्यात. सहा महिन्यांची वही एका बैठकीत, एकाच पेनाने भरली की ती ओळखू येते, आणि मग त्यातल्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. वास येईनासा होणं हीसुद्धा डोक्याच्या माराची ओळखीची खूण. विचारल्याशिवाय पेशंट ती सांगत नाही, कारण त्याचा अपघाताशी संबंध असेल असं त्याच्या डोक्यातच येत नाही. स्वयंपाकावर पोट असलेल्याचं मात्र त्यात उत्पन्नच जातं.

स्कॅन नॉर्मल आला म्हणून दावा सोडून देणं

सीटी स्कॅन रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर शोधायला उत्तम. जोराच्या हिसक्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले किंवा तुटले तर ते त्यात बऱ्याचदा दिसत नाहीत. एमआरआयच्या काही खास पद्धतींत सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा सापडू शकतात, पण तोही स्वच्छ आला म्हणजे इजा नाही असं ठरत नाही. मार लागला तेव्हा शुद्ध हरपलीच पाहिजे असंही नाही.

‘माइल्ड’ या शिक्क्यानेही बरेच जण गप्प बसतात. ग्लासगो कोमा स्केलवर १३ ते १५ गुण आले की इजा माइल्ड, ९ ते १२ मध्यम आणि ३ ते ८ गंभीर. हे गुण अपघातानंतर लगेचच्या शुद्धीचे असतात. वर्षभरानंतर माणूस हिशेब करू शकेल की नाही, हे त्यावरून ठरत नाही. ते तपासायचं तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे जावं लागतं. स्मृती, एकाग्रता, विचारांचा वेग यांच्या त्या तासन्‌तास चालणाऱ्या चाचण्यांमध्ये माणूस मुद्दाम कमी करतोय का हे पकडणाऱ्या चाचण्याही मिसळलेल्या असतात. ‘जरा जास्तच दाखव’ हा नातेवाइकांचा सल्ला म्हणून अंगाशी येतो. शांत खोलीत गुण चांगले पडले पण गोंगाटात, चार कामं एकदम आली की माणूस कोलमडतो, असंही होतं. तसं असेल तर सहकाऱ्यांची साक्ष आणि अपघाताआधीचे कामाचे रेकॉर्ड, मार्कशीट हे सगळं अहवालासोबत जोडावं. आधी माणूस कसा होता हे दाखवल्याशिवाय काय गमावलं ते दिसत नाही.

लवकर सही, उशिरा दावा

या दोन चुका उलट्या दिशेच्या, पण एकाच घरात सापडतात. विमा कंपनीचा माणूस पहिल्या काही आठवड्यांतच चेक घेऊन येतो. हॉस्पिटलचं बिल डोक्यावर असतं, त्यामुळे ‘फुल अँड फायनल’ कागदावर सही होते. त्यानंतर फिट्स सुरू झाल्या (डोक्याच्या गंभीर माराने त्या काही वर्षांनीही सुरू होऊ शकतात) तरी दार सहसा बंद झालेलं असतं. सुधारणा सुरुवातीच्या सहा महिन्यांत वेगाने होते, नंतर मंदावते, पण चालू राहते. कायम काय राहणार हे स्पष्ट होण्याआधी आकडा ठरवणं म्हणजे अंधारात दर लावणं.

पण तडजोडीला थांबायचं म्हणजे दावा दाखल करायलाही थांबायचं असं नाही. मुदत जागोजागी वेगळी. इंग्लंडमध्ये साधारण तीन वर्षं, आणि दावेदाराची निर्णयक्षमता गेलेली असेल तर तोवर मुदत धावत नाही. कॅलिफोर्नियात साधारण दोन वर्षं. भारतात मोटार अपघाताच्या दाव्यांना २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. न्यूझीलंडमध्ये तर १९७४ पासून अपघाताची भरपाई सरकारी योजनेतून मिळते आणि त्या बदल्यात अशा भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्क सहसा राहत नाही. परक्या देशातल्या ओळखीच्या माणसाने सांगितलेली मुदत आपल्याला लागू धरू नये.

अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच नुकसान, असं समजणं

सर्टिफिकेटवर ३० टक्के लिहिलंय म्हणून उत्पन्नही ३० टक्केच बुडालं असं गणित काही वकीलही मांडतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात हा गोंधळ निस्तरला. डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाऊ शकते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते, असं उदाहरणच तिथे दिलंय. मेंदूच्या बाबतीत हे आणखी खरं. लक्ष टिकत नसलेला क्रेन ऑपरेटर सर्टिफिकेटवरची टक्केवारी कितीही असो, क्रेनवर चढू शकत नाही.

घरच्यांनी केलेली सेवा लोक हिशेबात धरतच नाहीत. पत्नीने नोकरी सोडली, आई रात्रभर जागी राहते, ‘घरचंच माणूस आहे, त्याचे काय पैसे!’ पण तेच काम पगारी माणसाने केलं असतं तर किती लागले असते, हा आकडा अनेक न्यायालयं मान्य करतात. पुढची औषधं, थेरपी, आईवडिलांनंतरची देखभाल हेही मागण्यात आलं पाहिजे. जे मागितलं नाही ते सहसा मिळत नाही.

लपवालपवी

जुनी अर्धशिशी, नैराश्य, आधीचा एखादा अपघात दडवू नये. जुनी फाइल निघतेच. ब्रिटिश परंपरेच्या कायद्यात जखमी माणूस जसा होता तसा स्वीकारावा लागतो, आधीचा नाजूकपणा ही अपघात करणाऱ्याची पळवाट ठरत नाही. तेव्हा सांगून टाकण्यात तोटा कमीच. हेल्मेट किंवा सीटबेल्ट नव्हता म्हणूनही दावा बुडतोच असं नाही, रक्कम कापली जाऊ शकते. इंग्लंडमध्ये १९७५ च्या एका निकालापासून सीटबेल्ट लावला असता तर इजा टळली असती अशा वेळी २५ टक्के, कमी झाली असती अशा वेळी १५ टक्के कपात, असं माप आहे. आणि हो, लग्नातल्या नाचाचे फोटो सोशल मीडियावर टाकू नयेत. त्यानंतरचे दोन दिवस अंधाऱ्या खोलीत गेले, हे फोटोत दिसत नाही.

सही कोण करणार, पैसे कोण सांभाळणार

वकील निवडताना त्याने मेंदूच्या इजेचे दावे चालवलेत का, हे विचारा. फीची पद्धतही विचारा. अमेरिकेत मिळालेल्या रकमेतून टक्केवारी घेणं सर्रास चालतं, भारतात वकिलाला निकालावर अवलंबून फी घेण्याची मनाई आहे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न दावेदाराच्या निर्णयक्षमतेचा. त्याला व्यवहार समजत नसतील तर त्याच्या वतीने दावा चालवायला प्रतिनिधी नेमून घ्यावा लागतो. तो नेमला नाही तर झालेली तडजोडही पुढे रद्दबातल ठरू शकते. रकमेचंही तसंच. आवेगावर ताबा नसलेल्या माणसाच्या खात्यात सगळी रक्कम एकदम जमा झाली तर ती उसनवारीत आणि ‘गुंतवणुकी’त संपायला वेळ लागत नाही. रक्कम टप्प्याटप्प्याने मिळावी, ठेवीत राहावी किंवा न्यायालयाच्या देखरेखीखाली असावी, ही मागणी निकालाआधीच वकिलामार्फत अर्जात घालून ठेवावी.