दुधा-तुपाविना कोकणातलं घर

कोकणात व्हीगन राहायचं, म्हणजे मासळी-मटण, दूध-तूप, मध असं प्राण्यांकडून येणारं काहीच खायचं नाही म्हटलं, की लोक आधी मासळीचं विचारतात. प्रत्यक्षात घोडं अडतं ते सकाळच्या चहापाशी, मोदकावरच्या तुपापाशी आणि भाजीत नकळत पडलेल्या सुकटीपाशी, म्हणजे सुक्या मासळीपाशी. बाकी घावणे, आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं, कुळथाची पिठी, सोलकढी, शिरवाळे (नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया) हे सगळं कोकणी घरात दुधाच्या थेंबाशिवाय होतच आलेलं आहे. म्हणून सोयाचे नगेट आणि महागडं चीज मागवण्याआधी नारळ नीट वापरायला शिकावं. निम्मं काम तिथेच होतं.

नारळाचा रस

एका मध्यम नारळाचं खवलेलं खोबरं साधारण दोन वाट्या निघतं. त्यात पाऊण वाटी कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवायचं आणि स्वच्छ सुती फडक्यातून घट्ट पिळायचं. हा जाड रस. चोथ्यात पुन्हा एक वाटी कोमट पाणी घालून दुसऱ्यांदा पिळला की पातळ रस. पाणी उकळतं घेऊ नका, हात भाजतो एवढंच होतं. अगदी गार पाण्यात मात्र खोबऱ्याचा स्निग्धांश नीट सुटत नाही. नारळ कोवळा असेल तर रस पाणचट निघतो. आमटी-भाजीला पूर्ण पिकलेला, हलवल्यावर पाणी वाजणारा नारळच हवा.

रस फुटण्याची तक्रार फार येते. भाजी पातळ रसात शिजवायची, जाड रस शेवटी घालायचा आणि कडेने बुडबुडे दिसू लागले की गॅस बंद. खळखळ उकळी आली की तेल वर आणि पाणी खाली होतं. चमचाभर तांदळाचं पीठ गार पाण्यात कालवून पातळ रसातच घातलं तर रस धरून राहतो. आमसूल नेहमी शेवटी. कडधान्य शिजायच्या आधी आंबट पडलं तर दाणा टणकच राहतो, मग कितीही शिट्ट्या काढा.

सोलकढीला दहा-बारा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुसकरायची. एका नारळाचा जाड-पातळ सगळा रस, दोन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ. आमसुलाऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरत असाल तर दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करा आणि चव घेतल्याशिवाय मीठ घालू नका, कारण आगळात मीठ असतंच. सोलकढी गॅसवर ठेवायची नसते. फ्रीजमध्ये वर चरबीचा थर गोठतो, तो बिघाड नव्हे; थोडा वेळ बाहेर ठेवून ढवळली की जागेवर येते. चार-पाच तासांत संपवलेली बरी.

चहा

नारळाचा रस चहात घालू नका. वर तेलाचे डोळे तरंगतात आणि चहाला शिरवाळ्यांचा वास येतो. चहाला काजू. अख्खा काजू लागत नाही, कारखान्यातून मिळणारा तुकडा किंवा कणी स्वस्त पडते आणि दुधाला तीच योग्य. अर्धी वाटी काजू चार तास भिजवून पाणी ओतून टाकायचं, आधी अर्धी वाटी पाण्यात लोण्यासारखं वाटायचं आणि मग अडीच वाट्या पाणी घालून फिरवायचं. गाळायची गरज नाही. सगळं पाणी एकदम घातलं तर कणी पात्याखालून निसटते आणि दूध रवाळ होतं. आलं, साखर, चहापत्ती पाण्यात कडक उकळून गॅस बंद केल्यावरच हे दूध घालायचं. काजूत पिष्ट असतं, चहाबरोबर उकळत ठेवलं की चहाची खीर होते. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं. वीज जाणाऱ्या गावात रोजच्या रोज करावं.

काजू रोज परवडत नसेल तर सोयाबीन. शंभर ग्रॅम सोयाबीन आठ-दहा तास भिजवून सालं चोळून काढायची, पाऊण लिटर पाण्यात वाटून गाळायचं आणि सतत ढवळत दहा-पंधरा मिनिटं नीट उकळायचं. ही उकळी टाळायची नाही: कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिनांचं पचन अडवतात, शिवाय कडवट वासही तोवर जात नाही.

दही आणि तूप

दही शेंगदाण्याचं लागतं. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवून सालं काढा, अडीच वाट्या पाण्यात वाटून गाळा, तळाला लागू न देता पाच-सात मिनिटं उकळा. बोट सहन होईल इतकं कोमट झालं की पाच-सहा हिरव्या मिरच्यांची देठं धुऊन, पुसून त्यात बुडवायची आणि झाकून ठेवायचं. पहिलं दही बऱ्याचदा सैल आणि थोडं उग्र होतं, ते विरजण म्हणून धरावं. त्यातला एक चमचा घालून लावलेलं दुसरं दही घट्ट येतं. उन्हाळ्यात आठ तास पुरतात. श्रावणातल्या दमट गारव्यात बारा-चौदा लागतात, म्हणून भांडं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवावं. वर गुलाबी किंवा काळा ठिपका दिसला तर वरचा थर काढून खाऊ नका, सगळंच टाका. नारळाच्या रसाचं दही लावायच्या भानगडीत पडू नये, त्याचं वर साय आणि खाली पाणी होतं.

केळफूल ताकात भिजवतात ते काळं पडू नये म्हणून. आमसुलाच्या पाण्यातही ते काळं पडत नाही. मात्र प्रत्येक फुलातला ताठ दांडा आणि त्याच्या बुडाचा पारदर्शक पापुद्रा काढायचाच, दोन्ही शिजत नाहीत.

तुपाची उणीव खरी भासते ती मोदकाला. उकडीत वाटीभर पाण्याला वाटीभर पिठी, चिमूट मीठ आणि एक चमचा खोबरेल. तूप-लोण्याचं काम तेवढ्यात भागतं. पारी चिरते ती तूप नाही म्हणून नाही, उकड कोरडी राहिली म्हणून. हाताला कोमट पाणी आणि तेल लावून पुन्हा मळा. वरून घ्यायला जाड रस गूळ आणि कणभर मीठ घालून नुसता कोमट करावा. तुपाची चव येणार नाही, येईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण गरम मोदकावर हा रस उत्तम लागतो. नारळीभाताला तर खोबरेलावर लवंगा फोडणीला टाकल्या की तुपाची आठवण फारशी कोणी काढत नाही.

मासळीची जागा

मासळीची चव म्हणून जी आठवते त्यातली बरीचशी तिरफळं, मालवणी मसाला आणि आमसूल यांची असते. तिरफळाच्या आतली काळी बी काढून टाकायची, साल जरा ठेचून थेट रसात सोडायची; वाटपाबरोबर वाटली तर आमटी कडू होते. सुरण, कच्चं केळं किंवा नीरफणस यांचे अर्धा सेंटीमीटर जाडीचे काप आगळ, हळद आणि मालवणी मसाल्यात पंधरा मिनिटं मुरवून, तांदळाचं पीठ आणि रवा समप्रमाणात घेऊन त्यात घोळवा आणि लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजा. सुरण आधी आमसुलाच्या पाण्यात अर्धवट उकडून घ्या, नाहीतर घसा खाजतो.

चव भागली तरी प्रथिनांचा हिशेब उरतोच. शंभर ग्रॅम मासळीत साधारण वीस ग्रॅम प्रथिनं असतात. तीस ग्रॅम कोरड्या कडधान्याच्या वाटीभर उसळीत सात. म्हणजे भात, सोलकढी आणि पापड हे जेवण रुचकर असलं तरी अपुरं आहे. दिवसाला माणशी पाऊणशे ते नव्वद ग्रॅम कोरडं कडधान्य ठरवून वापरा: सकाळी कुळथाची पिठी, दुपारी काळे वाटाणे किंवा वाल, रात्री मूग. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यामुळे तांदळाच्या भाकरीला आठवड्यातून चार दिवस सुट्टी द्यायला हरकत नाही. मासळी सुटल्यावर ओमेगा-3साठी रोज चमचाभर जवसाची पूड घ्या, पण आठवड्यापुरतीच कुटून फ्रीजमध्ये ठेवा. किनाऱ्यावरच्या हवेत ती लवकर खवट होते. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर कडधान्यातलं लोह नीट अंगी लागत नाही, तासभर थांबा.

आणि बी-12. ते आंबोळीच्या आंबवणात नाही, आंबिलीत नाही, शेवग्याच्या पाल्यात नाही. गोळीच घ्यावी लागते: रोज किमान 10 मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा 2000. कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं असतं म्हणून दुकानात गोळी मागा. ड जीवनसत्त्वाचं डी-3 बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. डी-2 किंवा दगडफुलासारख्या लायकेनपासूनचं डी-3 चालतं. हातापायाला मुंग्या येत असतील तर वाट बघू नका, रक्तातलं बी-12 तपासा. गरोदर बाई आणि लहान मूल यांच्या बाबतीत डॉक्टरला आहाराची पूर्ण कल्पना द्यायलाच हवी. मिठागरातलं खडं मीठच रोज वापरत असाल तर त्याबरोबर आयोडीनयुक्त मीठही घरात ठेवा, कारण मासळी आणि दूध सुटल्यावर आयोडीन मिळण्याच्या वाटा कमी होतात.

खानावळीत आणि दुकानात

पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दूध आणि मध दोन्ही बसतात. व्हीगन पदार्थांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे 2022चे वेगळे नियम आहेत आणि वेगळं चिन्हही, हिरव्या चौकोनातलं इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आणि त्यावर पान. ते नसेल तर घटकांची यादी वाचा. बिस्किटांत दूध पावडर, नारळवडीत खवा किंवा दूध. मालवणचं खाजं मात्र बेसन, गूळ आणि आल्याचं. तळण तेलाचं असल्याची खात्री केली की झालं.

हायवेवरच्या खानावळीत ‘व्हीगन’ म्हणून उपयोग नाही. नुसतं ‘हे चालत नाही, ते चालत नाही’ म्हटलं तर उपवास समजून तुपातली साबुदाण्याची खिचडी पुढे येते. नेमकं विचारावं: डाळीला फोडणी तेलाची की बटरची? चपातीला तूप लावता का? भाजीत सुकट, जवळा, कोलीम, सोडे काही आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वांगं, दोडका, भेंडी यांत मूठभर सुकट टाकली तरी कित्येकांच्या लेखी ती भाजीच असते. सिंधुदुर्गात ‘माका दूध-तूप नको, नारळाचो रस चलता’ एवढं सांगितलं तर काम सोपं होतं.

घरची माणसं

श्रावण हा सुरुवातीला बरा महिना. निम्म्या घरांत मासळी बंद असते, तेव्हा दूध-तूप तेवढं सोडायचं राहतं. खरी परीक्षा गणपतीत. सगळी चाकरमानी मंडळी जमलेली असताना पंचामृतावरून वाद घालू नये. ते घरच्या सगळ्यांचं आहे, तुम्ही तीर्थाला हात जोडलेत तरी चालतं. त्यापेक्षा मोदक करायला आदल्या दिवशीच काकीच्या शेजारी बसा आणि उकडीचा एक घाणा खोबरेलाचा काढून घ्या. निरांजनाला तिळाचं तेल, सोवळ्याला रेशमी कदाऐवजी धुतलेला सुती पंचा, याला सहसा कोणी आडकाठी करत नाही. ज्या घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटण-मासळीचा नैवेद्य असतो तिथे त्या दिवशी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी, म्हणजे पान वाढताना कोणाची धांदल होत नाही.

जोडीदार मासे खाणारा असेल तर तवा, कढई आणि तळणीचं तेल वेगळं ठेवायचं आणि मासे कोण साफ करणार हे लग्नाआधीच बोलून घ्यायचं. तत्त्वावरची भांडणं मिटतात; ओट्यावरच्या खवल्यांवरची मिटत नाहीत. शेजारून मासळीचा वाटा आला तर तो घरात खाणाऱ्याला द्यावा, भांडं रिकामं परत पाठवू नये. कोळीवाड्यात राहून मासेमारीवर प्रवचन देणं तर फारच वाईट: त्यावर त्यांची चूल पेटते.

कुत्रा आणि मांजर

इथे तत्त्व बाजूला ठेवा. मांजर शुद्ध मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं पोषकद्रव्य आणि तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व ते वनस्पतींतून मिळवू शकत नाही. टॉरिन कमी पडलं तर हृदय मोठं आणि अशक्त होतं, डोळ्यांचा पडदा कायमचा निकामी होतो. वरण-भातावर मांजर जगवणं म्हणजे त्याला हळूहळू आजारी पाडणं. मासळी स्वतः आणायची नसेल तर मांजरासाठीचं संतुलित तयार खाद्य घ्या. मासळी देणार असाल तर काटे काढून, शिजवून द्या, कारण काही कच्च्या माशांतलं द्रव्य बी-1 जीवनसत्त्व नष्ट करतं. आणि नुसती मासळीही पुरत नाही.

कुत्रा वनस्पतींच्या अन्नावर राहू शकतो, पण नीट घडवलेल्या संपूर्ण खाद्यावर आणि जनावरांच्या डॉक्टरच्या नजरेखाली. घरचा डाळ-भात कॅल्शियम, जस्त, बी-12 आणि ड जीवनसत्त्व या सगळ्यांत कमी पडतो. वाढत्या पिल्लावर हा प्रयोग करूच नये. आपलं उरलेलं वाटपाचं कालवण तर मुळीच घालू नये: कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि कोकणात कांदा-खोबऱ्याशिवाय वाटप क्वचितच असतं. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेटही वर्ज्य. त्याच्यासाठी भात आणि मऊ शिजवलेली डाळ फोडणीआधीच बाजूला काढा आणि त्यात डॉक्टरने सांगितलेलं पूरक मिसळा.